कोकणात ट्राउट नाही, पण फ्लाय रॉड घेऊन दोन दिवस कुठे जायचं ते सांगतो

कुडाळच्या एका जुन्या विद्यार्थ्याने विचारलंय. त्याचा प्रश्न थोडक्यात असा: "सर, आम्ही चार मित्र. लहानपणापासून गरवायला जातो, पण फ्लाय फिशिंग, म्हणजे पिसांचा खोटा किडा टाकून गरवणं, कधी केलेलं नाही. जानेवारीत एक शनिवार-रविवार खास त्यासाठी काढायचाय. डोंगरातल्या नदीत उभं राहून ट्राउट धरायचा. एक जण म्हणतो, आंबोलीला थंडी असते, तिथे मिळेल. दुसरा म्हणतो, चिपळूणला कोयनेचं गार पाणी वाहतं, तिथे कुणीतरी ट्राउट सोडलाय. ते जमत नसेल तर सरळ हिमाचल गाठू. कुठे जावं, काय घ्यावं, सविस्तर सांगा."

नावडतं आधी सांगून मोकळा होतो. ट्राउट हा थंड पाण्यातला मासा, तो कोकणात नाही. आंबोलीला नाही, चिपळूणला नाही, आणि उद्या कुणी हौसेने पिल्लं आणून सोडली तरी एक उन्हाळा काढायची नाहीत. ब्राउन ट्राउटला पाणी लागतं साधारण दहा ते अठरा अंशांचं. विशीच्या वर गेलं की तो खाणं टाकतो, आणि पंचविशीच्या आसपास त्याच्या जिवावर बेततं. पाणी जितकं गरम तितका त्यात विरघळलेला प्राणवायू कमी, आणि या माशाला प्राणवायू भरपूर लागतो. मी एकदा मे महिन्यात भर दुपारी आपल्या कर्ली नदीच्या वरच्या डोहात थर्मामीटर धरला होता. एकतीस! त्या पाण्यात ट्राउट सोडणं म्हणजे पोह्यांत बर्फ घालण्यासारखं आहे.

आंबोलीची थंडी खरी, पण ती हवेतली आणि चार महिन्यांची. आंबोली समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या आतच आहे. दक्षिणेत ट्राउट जिथे टिकला ती निलगिरीतली आणि मुन्नारच्या वरची पाणी दोन हजार मीटरच्या आसपास आहेत. शिवाय आंबोलीतल्या हिरण्यकेशी नदीच्या उगमापाशी रॉड काढायचा विचारही नको. तिथल्या देवळाच्या पाण्यात शिस्टुरा हिरण्यकेशी नावाचा बोटाएवढा मासा सापडला, २०२० साली त्याची नवी जात म्हणून नोंद झाली, आणि २०२१ मध्ये ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली. तिथे हात जोडायचे आणि निघायचं.

चिपळूणच्या गोष्टीत अर्धं खरं आहे. कोयनेच्या धरणाचं पाणी बोगद्यांतून पोफळीच्या वीजघरांत उतरतं आणि पुढे वाशिष्ठीला मिळतं. म्हणून आपल्या बाकीच्या नद्या मार्चपासून डोहाडोहांत तुटतात, पण वाशिष्ठी भर उन्हाळ्यातही वाहती असते. पाण्यात हात घातला की गार लागतं हेही खरं. पण हाताला गार आणि ट्राउटला गार यांत बरंच अंतर आहे. शिवाय वाशिष्ठीत मगरी आहेत, हे चिपळुणात शाळकरी पोरगंही सांगेल. ट्राउटवाल्यांचे फोटो बघून तिथे कमरेएवढ्या पाण्यात उभे राहाल तर कोण कुणाला गरवतंय हा प्रश्न येईल. वीजघरातून पाणी सोडलं की पातळीही बघता बघता चढते. तिकडे जायचंच असेल तर काठावर राहा.

आता हिमाचल. तिथे ट्राउट आहे, आणि उत्तम आहे. पण जानेवारीत गेलात तर फक्त बर्फ बघून याल. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा ट्राउटच्या विणीचा काळ, त्या चार महिन्यांत तिथे गळ टाकायला बंदी असते. मादी थंड वाहत्या पाण्यात गोट्यांमध्ये शेपटीने खळगा करून अंडी घालते. त्यांवर कुणाचा पाय पडला तरी पुढची पिढी गेली. एरवी मत्स्य विभागाचा परवाना काढून धरता येतो. जुलै-ऑगस्टमध्ये नद्या गढूळ असतात, तेव्हा उरतात एप्रिल-मे आणि सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर. मला विचारशील तर ऑक्टोबर.

आणि दोन दिवसांत ते होत नाही. इथून मुंबई किंवा मोपा, तिथून विमानाने दिल्ली नाहीतर चंदीगड, पुढे रात्रभर बस, पहाटे औटच्या बोगद्याच्या अलीकडे उतरायचं, तिथून लारजीवरून बंजार. म्हणजे तीर्थन खोऱ्यात पोचेपर्यंत शनिवार संपला आणि रविवारी परत फिरायचं. पाच दिवस काढता येतील तेव्हाच जा. तीर्थन ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कमधून उतरते आणि लारजीजवळ बियासला मिळते. पाणी असं की चार हात खोल तळातला गोटा मोजावा. आणि गंमत म्हणजे हा मासा तिथलाही नाही. इंग्रजांनी १९०० साली स्कॉटलंडहून बोटीने, बर्फात ठेवून त्याची अंडी काश्मीरला आणली. त्याआधीच्या वर्षी आणलेली वाटेतच गेली होती. कुलूत तो १९०९ मध्ये पोचला. एवढा खटाटोप का, तर सायबाला रविवारी विलायतेतल्यासारखं गरवायला मिळावं म्हणून.

मग तुमच्या जानेवारीच्या दोन दिवसांचं काय करायचं? माझं म्हणणं असं की ते कर्लीच्या खाडीत घालवा. मासा वेगळा, तांबोशी आणि जिताडा, पण हात तोच लागतो. उलट मी तर म्हणेन, जो खाडीत फ्लाय टाकायला शिकला त्याला तीर्थन सोपी जाते. मी उलटा शिकलो. आधी तीर्थनला गेलो आणि नंतर खाडीत येऊन फजिती करून घेतली, ती पुढे सांगतो.

तुम्ही गरीवाले आहात म्हणून आधी फरक सांगतो. आपल्या गरीला शिसं असतं. शिसं फेकायचं, दोर त्याच्या मागोमाग जातो. फ्लायला म्हणण्यासारखं वजनच नसतं. दोऱ्याने गळाला बांधलेलं पीस ते, हाताने फेकलं तर नाकासमोर पडेल. इथे वजन असतं ते लाइनला. जाड, प्लॅस्टिकचा थर दिलेली लाइन मागे उडवायची, ती हवेत पूर्ण उलगडू द्यायची आणि मग पुढे सोडायची. बैलगाडीवाल्याचा आसूड बघितला असशील, जवळपास तसंच, फक्त फटका मारायचा नाही. नवा माणूस हमखास दोन चुका करतो. एक, रॉड मागे पार आडवा नेतो, मग लाइन मागच्या गवतात. दुसरी, मागे उलगडायची वाट न बघता घाईने पुढे ओढतो, मग चटकन आवाज येतो आणि फ्लाय तुटून जातं. मागे नेल्यावर मनात "एक आंबा" म्हणायचं आणि मग पुढे. लाइन लांब सोडलीस तर "दोन आंबे". शाळेत मी पोरांना असंच शिकवलं आणि त्यांना ते माझ्यापेक्षा लवकर आलं.

हा सराव पाण्यावर करायचा नाही. कापणी झालेल्या मळ्यात करा, आणि गळाऐवजी टोकाला लाल लोकरीचा तुकडा बांधा. आठवडाभर रोज अर्धा तास. चाळीस फूट सरळ गेली की पुरे. खाडीत त्याहून लांब टाकायची वेळ फारशी येत नाही, होडी जवळ नेता येते.

सामान चौघांत दोन रॉड घ्या, चार नको. एका होडीत दोघांनी एका वेळी लाइन उडवायची नाही हा माझा नियम आहे आणि त्याला कारण आहे. माझ्या एका मित्राच्या कानाच्या पाळीत गळ गेला होता, माझाच. खाडीच्या मधोमध, बाजूने वारा, आणि तो नेमका माझ्या उजव्या अंगाला उभा. नशीब, मी गळाचा काटा पक्कडीने दाबून टाकला होता, म्हणून आला तसा निघाला. त्या दिवसापासून माझ्या होडीत काटा न दाबलेला गळ येत नाही, आणि टोपी-चष्म्याशिवाय माणूसही येत नाही. चष्मा पोलराइज्ड असला तर पाण्यावरची चकाकी जाते आणि आतली सावलीही दिसते.

खाडीसाठी नऊ फुटी, आठ नंबरचा रॉड (नंबर म्हणजे तो किती जड लाइन उडवतो ते). डोंगरातल्या ओहोळासाठी चार नंबरचा, पुढे तोच ट्राउटलाही चालेल. रॉड-रील साधे चालतील, पैसे लाइनवर घाला. लाइन घेताना एक बघा, उष्ण पाण्यासाठी केलेली आहे का. मी तीर्थनची लाइन खाडीत आणली होती. दहा वाजेपर्यंत ती शिजवलेल्या शेवयांसारखी झाली, रॉडच्या कड्यांना चिकटायला लागली. थंड पाण्याची लाइन उन्हात मऊ पडते आणि उष्ण पाण्याची लाइन तिकडे गारठ्यात स्प्रिंगसारखी वेटोळी घेते. दोन्हीकडे एकच चालवायचा लोभ करू नका.

लाइनच्या पुढे लीडर, म्हणजे लाइन आणि फ्लाय यांच्यातला पारदर्शक दोर. ओहोळात नऊ फुटी, टोकाला ५ एक्सचा टिपेट, म्हणजे शेवटचा बारीक दोर. खाडीत सात-आठ फूट पुरे, वीस पौंडाचा, आणि अगदी टोकाला हातभर तीस पौंडाचा जाड तुकडा. तांबोशीला सुळे असतात आणि जिताड्याच्या गालफडाची कड ब्लेडसारखी असते. जिताडा उचलताना बोटं कल्ल्यात घालायची नाहीत. खालचा ओठ धरायचा.

फ्लाय स्वतः बांधा, यातच निम्मी मजा आहे. दुकानातली चकाकतात छान, पण आपल्याकडे गावठी कोंबड्याच्या मानेवर जी पिसं असतात ती जगात कुठे कमी लेखत नाहीत. लांब, टोकदार, देठाला तेलकट चमक. बोकडाच्या शेपटीचे केसही चालतात. खाडीसाठी एकच नमुना शिका, क्लाउझर मिनो. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात बॉब क्लाउझर नावाच्या माणसाने १९८७ च्या सुमारास तिथल्या नदीतल्या माशांसाठी तो केला. गळाच्या दांड्यावर पुढे दोन जड डोळे बांधायचे, त्यामुळे पाण्यात गळ उलटा होतो, टोक वर. त्या माणसाच्या डोक्यात आपली खाडी नसणार, पण तिवरांची मुळं आणि कालवं यांच्यात तळाला न अडकणारं दुसरं काही मला सापडलेलं नाही. पोटाला पांढरे केस, पाठीला हिरवट, मध्ये दोन चमकदार दोरे. झालं बोय माशाचं पिल्लू. करडे-तपकिरी बांधलंत की कोळंबी.

आता मुख्य गोष्ट, वेळ. नदीत ट्राउट नेहमी प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो, दगडाच्या आडोशाला, वरून वाहत येणाऱ्या किड्यांची वाट बघत. म्हणून त्याच्याकडे खालच्या अंगाने, पाठीमागून जायचं. एवढं कळलं की निम्मी नदी कळली. खाडीत मासा तसाच उभा राहतो, आडोसा धरून, प्रवाहाकडे तोंड करून, पण प्रवाहच दिवसातून चारदा फिरतो. सकाळी ज्या खुंटाच्या पश्चिमेला तांबोशी होती ती दुपारी पूर्वेला जाते. जागा तीच, तोंड फिरलेलं. हे ज्याला उमगलं नाही तो दिवसभर माशाच्या शेपटीमागे फ्लाय टाकत बसतो. मीही बसलोय.

म्हणून तारीख ठरवायला कॅलेंडर नको, पंचांग काढ. आपल्या आजोबांचा हिशोब ठाऊक असेलच, तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. थोडं मागेपुढे होतं, पण घड्याळाइतकं उपयोगी पडतं. तुम्हाला शनिवारी पंचमी, षष्ठी किंवा सप्तमी येईल असा आठवडा हवा, पक्ष कुठलाही. षष्ठी धर. सहाची पाऊणपट साडेचार. पहाटे साडेचारला भरती पूर्ण, म्हणजे उजाडताना सुकती, म्हणजे ओहोटी, लागलेली आणि दहापर्यंत पाणी उतरत राहणार. रात्रभर तिवरांच्या आत शिरलेली कोळंबी, बोयची पिल्लं या उतरत्या पाण्याबरोबर चिंचोळ्या पोयांतून, म्हणजे खाडीच्या फाट्यांतून, बाहेर येतात, आणि पोयीच्या तोंडाशी तांबोशी आणि जिताडा पंगतीला बसल्यासारखे थांबलेले असतात. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी फार जोरात येतं आणि गढूळ होतं, माशाला फ्लाय दिसत नाही. अगदी भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या मंद भरतीला पाणी हलतच नाही. मधल्या तिथ्या बऱ्या.

वाऱ्याचंही तेच. जानेवारीत पहाटे मतलई असते, जमिनीकडून समुद्राकडे. सुकतीही त्याच दिशेला. वारा पाठीशी घेऊन टाकता येतं, नवशिक्याला यापेक्षा काय हवं. अकरानंतर खारा वारा उठतो आणि मग लाइन तोंडावर येते. तेव्हा गुमान घरी जाऊन जेवायचं आणि झोपायचं. माझ्या भूगोलाच्या तासाला जांभया देणारे मतलई आणि खाऱ्या वाऱ्यांत हमखास गोंधळ घालायचे. आता लाइन नाकावर बसली की लक्षात राहील.

होडी वल्ह्याची घ्या, मशीनची घेतलीत तर निदान पोयीच्या अलीकडे बंद करायला सांगा. नेरूरपार-वालावलच्या अंगाला शांतता असते. देवबागच्या संगमाकडे नऊनंतर पर्यटकांच्या बोटी सुरू होतात, तिकडे सकाळी लवकर जा किंवा जाऊच नका. होडीवाला गाबीत (इथल्या मच्छीमार समाजातला), वयाने मोठा आणि कमी बोलणारा मिळाला तर तुमचं नशीब. पहिल्यांदा मी होडीत उभा राहून लाइन उडवायला लागलो तेव्हा आमचा होडीवाला बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "मास्तरानू, मासो पाण्यात आसा. तुमी आभाळात काय शोधतास?"

त्याच सकाळी ती फजिती झाली. त्याने एका पडलेल्या तिवराच्या बुंध्याकडे बोट केलं. मी फ्लाय टाकलं, बरं पडलं. दोन बोटं बुडू दिलं आणि डाव्या हाताने लाइन वीतभर, वीतभर ओढायला लागलो. तिसऱ्या ओढीला बुंध्याखालून तांबूस काहीतरी आलं, पाणी आतल्या आत उलटलं आणि लाइन गच्च झाली. मी तीर्थनच्या सवयीने रॉड वर उचलला. ट्राउटला तसंच करतात. त्याचं तोंड मऊ, गळ बारीक, टोक उचललं की लागतो. तांबोशीचं तोंड म्हणजे चामड्याचा बूट. गळ सुटला, फ्लाय हवेतून माझ्या टोपीवर येऊन बसलं, आणि तांबोशी पुन्हा बुंध्याखाली. होडीवाल्याने तोंड दुसरीकडे वळवलं, पण खांदे हलत होते.

तर खाडीत मासा लागला की रॉड खाली, पाण्याकडेच ठेवायचा आणि डाव्या हाताने लाइन सरळ मागे खेचायची, कोपर कमरेच्या मागे जाईपर्यंत. गळ रुतला याची खात्री झाली की मगच रॉड उचलायचा. आणि तांबोशीला पहिल्या दोन हातांत दोर द्यायचाच नाही. ती मुळांकडे पळते. तिथे पोचली की तुमची नाही. पुढे तीर्थनला गेलात की हीच सवय उलटी करावी लागेल, खेचलंत तर टिपेट तटकन तुटेल. मला दर वर्षी पहिला मासा या गोंधळातच जातो.

दुसरे पाहुणेही येतील. टोळ मासा फ्लायच्या मागे पृष्ठभागावरून सुईसारखा येतो, चोच मारतो, लागत क्वचितच. केंड माशांचा थवा आला तर जागा बदला, दातांनी पिसं आणि दोर दोन्ही कातरून नेतात, आणि खायच्या तर बिलकुल कामाचे नाहीत, विषारी. शिंगाळा लागला तर फडक्याने धरा, त्याचे काटे हातात गेले की दोन दिवस झोप नाही. उथळ वाळूत उतरलात तर पाय उचलून टाकायचे नाहीत, घसटत चालायचं, म्हणजे वाळूत बसलेली पाकट आधीच सरकते. अनवाणी उतरू नका, कालवं तळवा चिरतात. आणि कुठल्याही खाडीत किंवा डोहात गुडघ्याच्या वर पाण्यात जायचं तर आधी तिथल्या माणसाला मगरीचं विचारायचं. वाशिष्ठीपुरतंच नाही.

शनिवारी संध्याकाळी धक्क्यावर एक फेरी मारा. दिव्याच्या उजेडात बारीक मासळी जमते आणि उजेडाच्या कडेला काळोखात जिताडा असतो. फ्लाय उजेडात नाही, कडेला टाकायचं.

रविवार सकाळ मात्र डोंगरासाठी ठेवा. तुम्हाला नदीत उभं राहायचंय ना, ती हौस इथे फिटेल. कुडाळच्या माणगाव खोऱ्यात शिवापूरच्या अंगाला जे ओहोळ उतरतात ते जानेवारीत स्वच्छ असतात, घोट्याएवढे, कुठे गुडघाभर. त्यांत बोटभर, फार तर वीतभर लांबीचे बॅरिल जातीचे मासे असतात, अंगावर निळसर पट्टे. गावागावात नाव वेगळं. पाण्यावर पडलेला किडा ते अगदी ट्राउटसारखे वर येऊन टिपतात. चार नंबरचा रॉड, सोळा नंबरच्या बारीक गळावर बांधलेलं सुकं, तरंगतं फ्लाय. खालच्या अंगाने वाकून जायचं, सावली पाण्यावर पडू द्यायची नाही, फ्लाय वरच्या बाजूला टाकायचं आणि पाण्याच्या वेगानेच वाहत येऊ द्यायचं. लाइनने ते जरा जरी ओढलं गेलं तरी मासा समोर येऊन परत फिरतो. तो परत फिरलेला दिसतो, हीच या ओहोळाची शिकवणी. तीर्थनला मासा मोठा आहे, चूक हीच आहे.

हे मासे धरून सोडायचे. ओल्या हाताने धरा, कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मासा नंतर बुरशी लागून मरतो. आणि जूनमध्ये हे चढणीला लागतात तेव्हा तिकडे रॉड घेऊन फिरकू नका. पोटं अंड्यांनी भरलेली असतात. चढणीच्या माशांवर तुटून पडणं ही आपली जुनी खोड आहे, आणि त्यात आता काही ओहोळांत ब्लीचिंग पावडर ओतणारे महाभाग निघालेत. एका रात्रीत अख्खा ओहोळ पांढरा पडलेला मी पाहिलाय.

परवानगीचं थोडक्यात. मालवणच्या किल्ल्याभोवती १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, तिथे विचारल्याशिवाय नको. धरणांचे तलाव बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतात, त्यांच्या माणसाला भेटा. गावचा डोह असेल तर आधी गावात विचारा, कारण पुष्कळ कोंड देवाचे असतात. महाडजवळ काळ नदीवरचं वाळणकोंड घे. तिथे खडस मासे हाताएवढे, वरदायिनी देवीचे म्हणून राखलेले. लोक चुरमुरे टाकतात आणि ते वर येतात. त्या राखणीनेच तो मासा तिथे उरलाय. तिथे फोटो काढा, रॉड गाडीतच ठेवा.

खायचं म्हणशील तर चौघांत एक मासा ठेवा. शक्यतो मध्यम तांबोशी. जिताडा लहानपणी नर असतो आणि वाढला की मादी होतो, म्हणजे मोठा जिताडा बहुधा विणीची मादीच. त्या सोडायच्या. तुमच्यातला एखादा कुरकुर करेल. त्याला काळुंदर विकत घेऊन द्या, कुडाळच्या बाजारात मिळते, रवा लावून तव्यावर टाकली की गप्प बसेल.

परतल्यावर दमलोय म्हणून रॉड कोपऱ्यात उभा करून झोपू नका. रील उघडून गोड्या पाण्याच्या बादलीत बुडवा, लाइन पहिली वीस-तीस फूट ओल्या फडक्याने पुसून घ्या, फ्लाय डबीत बंद करण्याआधी धुऊन वाळवा. एक गंजका गळ डबीतले सगळे गंजवतो. माझी पहिली रील अशीच गेली, एका रात्रीत नाही, चार रविवारांत. पाचव्या रविवारी ती फिरेचना.

तिथी बघून तारीख कळव. त्या दिवशी मी मोकळा असेन तर लाल लोकर घेऊन मळ्यात येतो.